इतर

रस्ते, गटारं, दिवे, भटके कुत्रे –
यादीत बाक नव्हता.
म्हणून द्वारका तांडेल यांनी बोट ठेवलं 'इतर'वर:
"शिवडी कोळीवाड्याच्या नाक्यावरचा बाक
कोणी नेला? संध्याकाळी आम्ही बसायचं कुठं?"
सोबत फोटो. रिकाम्या जागेचा.
फुटपाथमधून वर आलेले चार गंजके बोल्ट.

वॉर्डात 'इतर' माझ्या टेबलावर येतं.
अठ्ठेचाळीस तासांनी लाल होतं, मग साहेब ओरडतात.
मी लिहिलं, 'संबंधित खात्याकडे वर्ग',
आणि हिरवं केलं.

काल घरी जाताना वाट वाकडी केली.
रंगाचे डबे उलटे घालून तिघी बसलेल्या.
एकीनं पदरानं चौथा पुसला,
"बस गो बाय, कोनाकरं आयलीस?"

बोल्टला चप्पल अडली.
बसले.