बाब क्रमांक अकरा

मी इतिवृत्त लिहिते.
मेलबर्नच्या पश्चिमेला, काळ्या दगडाच्या सपाटीवर
एका नगरपरिषदेचं, दर महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी.
सभा सातला.
शेवटची बस सात दहाला.
हे कुणी मुद्दाम केलेलं नाही.
बसची वेळ राज्याच्या खात्यात ठरते, सभेची आमच्याकडे,
आणि या दोन कागदांची
आजवर ओळख झालेली नाही.
म्हणून बसची तक्रार करायला येतो
तो मोटारीतून येतो.

आज मात्र कार्मेना झामित आल्या.
वय एक्याऐंशी, पायांत कापडी बूट,
पिशवीत दुधाचा मोठा रिकामा कॅन.
कशाला, ते मी विचारलं नाही.

बाब अकरा : थांबा क्रमांक ४१७ येथील विनापरवाना वृक्षारोपण.
उद्यान विभागाच्या गॅरेथ पॉवलेस यांनी अहवाल वाचला.
प्रजाती कॅरोब. उंची दीड मीटर. मंजूर यादीत नाही.
मुळं गॅसच्या नळापर्यंत जाऊ शकतात.
फांद्या तारांपर्यंत जाऊ शकतात.
शेंगा पडू शकतात, त्यांवरून नागरिक घसरू शकतो.
एवढं सगळं करू शकणारं झाड
माझ्या खांद्याला लागतं.

रस्ता राज्याचा. कडेची मातीची पट्टी आमची.
थांब्याचा खांब बस कंपनीचा,
जाहिरातीची काच आणखी कुणाची.
‘आणि ऊन?’ नगरसेविका लुओंग थुई-आन म्हणाल्या.
हे इतिवृत्तात नाही. प्रश्न लेखी दिलेला नव्हता.

आमचा हरित आराखडा आहे, एकशे बारा पानी.
मुखपृष्ठावर सायकलवर एक मुलगी, वर दाट फांद्या.
त्या फांद्या दुसऱ्याच कुठल्या शहरातल्या.
फोटो मीच निवडला होता.

नागरिकांना तीन मिनिटं. घड्याळ मी लावते.
कार्मेनाबाई उभ्या राहिल्या :
‘जानेवारीत चव्वेचाळीस अंश होते. बस आली नाही.
बाकडं लोखंडाचं. बसता येईना.
आमच्या परसात नवऱ्यानं लावलेलं झाड होतं.
घर विकलं, नव्या मालकानं पाडलं, झाडही गेलं.
एक शेंग माझ्या कोटाच्या खिशात राहिली होती.
बी बशीत भिजवलं. बाकी तुम्हाला माहीत आहे.’
पन्नास सेकंद.
मग त्या बसल्या, पण घड्याळ चालूच होतं,
आणि महापौरांसकट सगळे
उरलेला वेळ गप्प राहिले.
नियम तसा नाही. तरी राहिले.

ठराव मांडला लुओंग यांनी : झाड मालमत्ता नोंदवहीत घ्यावं.
अनुमोदन कॉर्मॅक डेलाहंटी.
बाजूने तीन, विरोधात तीन.
महापौरांनी निर्णायक मत दिलं नाही, चष्मा पुसला.
विषय तहकूब.
पुढच्या अहवालापर्यंत झाड ‘जैसे थे’ ठेवावं.

मी तसंच लिहिलं. जैसे थे.
लिहिताना हसू आलं, ते दाबलं :
हा आदेश आजवर
कुठल्याच रोपानं पाळलेला नाही.

नऊ चाळीसला सभा संपली.
पार्किंगमध्ये त्या एकट्या उभ्या दिसल्या.
‘सोडते’, मी म्हणाले.
‘थांब, आधी पाणी.’
नगरपरिषदेच्या स्वच्छतागृहातल्या नळावर
कॅन भरायला वेळ लागला, नळ बोटभर धारेचा.
जड होता. मी उचलला.

४१७ वर गाडीचे दिवे चालू ठेवले.
पानं जाड, चकाकणारी, एका फांदीला कोवळी लाली.
खांबावर वेळापत्रक, त्यावर कुणीतरी खिळ्यानं ओरखडलेलं.
त्यांनी एका हातानं बाकडं धरलं,
दुसऱ्या हातानं कॅन तिरका केला.
इथली माती चिकण.
पाणी वर तळं करून राहतं, मग हळूहळू आत जातं.
ते जाईपर्यंत आम्ही त्या लोखंडावर बसलो, रात्री ते गार होतं.
दोन बायका, बसथांब्यावर,
बस नसताना.