तंगूस

जेवणाच्या टेबलावर जुने पेपर पसरून
जयवंतने मोटर आडवी ठेवली,
डोकं माझ्या खुर्चीकडे करून.
तीन दिवस आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतोय.

दुसऱ्या वेगापुढे जात नाही म्हणे,
आणि मधेच कण्हते.
परवा अरादच्या खाडीत ओहोटी लागली, बोट गाळावर टेकली,
वल्हं म्हणून जवळ होती ती केर भरायची सुपली.
दीड तास स्वतःला किनाऱ्याकडे लोटत आला.

सलमाबादचा वाइंडिंगवाला खोलायलाही तयार नाही.
"बाजी, नई ले लो," फोनवरच म्हणाला.
नवी, पंच्याण्णव दिनार.
सील, कार्बन, बेअरिंग धरून दुरुस्ती अकरा, फार तर चौदा,
पण सील यायला पाच आठवडे,
आणि आलेलं बसेलच असं नाही.

मी इस्पितळात डायलिसिसची यंत्रं सांभाळते.
तिथे हा प्रश्नच नाही.
पंपाचे तास भरले की पंप काढायचा,
कितीही छान चालत असो.
रजिस्टरवर सही, विषय संपला.
पलीकडे खुर्चीत माणूस असतो, हात लांब करून.
दया दाखवायची ती त्याला, पंपाला नाही,
असं मी नव्या पोरांना सांगते.
तेच घरी सांगितलं.
जयवंत म्हणाला, "हिच्या पलीकडे फक्त मी असतो."
वाद तिथेच अडला.

शुक्रवारी तो झोपलेला असताना मी पान्हा घेतला.
नट, वॉशर, पंखा.
पंख्यामागे दांड्याला तंगूस.
घट्ट, घासून घासून काचेसारखी झालेली,
सीलमध्ये सुरीसारखी रुतलेली.
पाणी तिथूनच आत.
पोट उघडलं तर कार्बनचा नुसता लगदा,
चुंबकांना गंजाची दाढी.

नखाने एक टोक सुटलं.
पोपटी.
पोपटी तंगूस आमच्या घरात एकाच रिळावर आहे,
माझ्या.
ते मी एकदाच वापरलंय, गेल्या फेब्रुवारीत,
मला हमूर लागला होता त्या दिवशी.

तो हमूर अर्ध्या मुहर्रकला ठाऊक आहे.
लिफ्टमध्ये, भिशीत, हळदीकुंकवाला सांगितलाय मी,
कसा हिसका दिला त्याने,
कशी अख्खी बोट वळली,
कसं रीळ गरगरलं आणि फट्‌कन तुटली.
शेजारच्या उम्म हिशामने हातानेच विचारलं, केवढा?
मी हात पसरले.
दर वेळी थोडे अधिक पसरत गेले.
आईला फोनवर सांगेपर्यंत तो दहा किलोचा झाला होता.

बोट वळली, कारण मोटर चालू होती.

सोडवून मोजली. साडेतीन वाव.
ती गुंडाळी मुठीत धरून
मी पंच्याण्णव दिनारांचा विचार केला.
नवी घेतली तर ही खाली कचऱ्याच्या पिंपाशी जाईल,
कारण कोणी विचारणार नाही,
आणि हमूर राहील.
तासांचा, पंपाचा सगळा युक्तिवाद
माझ्याकडे तयारच होता.

विमान उतरलं, खिडकी थरथरली, जयवंत उठून आला.
टेबलावर सुटे भाग. माझी मूठ.
"कशाने गेलं सील?"
"खाऱ्या पाण्याने."
त्याने चहाचं आधण ठेवलं.
आलं किसताना, पाठमोराच,
"पोपटी असतं का गं खारं पाणी?"

मुठीतून वीतभर लोंबत होती.

बराच वेळ नुसती किसणी.
मग म्हणाला, "पण हमूर होता. मी सावली पाहिली."
सावली कुठे दिसते त्या गढूळ पाण्यात.
मी काही बोलले नाही.

दुपारी सील मागवलं. दोन मागवली.
आणखी पाच आठवडे
आम्ही ओट्यापाशी जेवू.