अर्जातला शेवटचा रकाना

कालामाहून वर, जिथल्या आभाळाला पाणी ठाऊक नाही,
डोंगराच्या पोटात नऊशे मीटर खाली
यास्ना किस्पे भिंतीवर हात ठेवते.
हातमोजा पुरुषाच्या मापाचा, बोटांची टोकं रिकामी,
म्हणून तो काढून खिशात कोंबते
आणि उघड्या तळहाताने ऐकते.

खडक बोलतो, हे ती आता कुणाला सांगत नाही.
पहिल्या वर्षी एकदा बोलून गेली
तर महिनाभर जेवणाच्या टेबलावर तेच,
'आज काय म्हणाला गं तुझा दगड?'

म्हातारे खाणकामगार अजून सांगतात,
बाई खाली उतरली की तांब्याची शीर रुसते,
मागे मागे सरकते, खडकात तोंड लपवते.
अकरा वर्षं यास्ना उतरते आहे.
शीर काही रुसली नाही.

पाळीप्रमुखाची जागा तीनदा निघाली.
आधी म्हणाले, तू अजून लहान आहेस.
मग म्हणाले, तुझी मुलगी लहान आहे.
तिसऱ्यांदा कुणीच लहान उरलं नाही,
तेव्हा खुर्च्या जरा सरकल्या, कुणी खाकरलं,
'माणसांना जड जाईल गं. तू फार पुढे पुढे करतेस.'

निबाल्दो अडून बसला तर ठाम.
ती अडून बसली तर अडेल.
धातू एकच,
ओतताना तेवढे साचे दोन.
एकातून पदक निघतं, दुसऱ्यातून खिळा.

तिनंच शिकवलं होतं निबाल्दोला खडक वाचायला.
माणूस वाईट नाही तो.
बढतीच्या दिवशी केक आणला,
पहिला तुकडा तिच्याच बशीत ठेवला,
म्हणाला, 'तुझ्याशिवाय...'
आणि उरलेलं वाक्य क्रीमबरोबर गिळलं.
'बैठकीचं टिपण तेवढं तूच घेत जा. तुझं अक्षर छान आहे.'
अक्षर खरंच छान आहे.
हीच तर पंचाईत.

मग जुलैतली ती रात्र, पावणेतीनचा फोन.
'यास्ना, सतरा नंबरचं छत कुरकुरतंय.'
क्षणभर,
खरं सांगायचं तर क्षणाहून जरा जास्तच,
ती अंधारात गप्प राहिली.
तेव्हा मनात काय येऊन गेलं
ते तिनं कुणाला सांगितलं नाही,
मीही सांगणार नाही.
खाली चौदा माणसं होती.
'कुरकुर लांबट आहे की तुटक?'
'तुटक.'
'मग मला काय विचारत बसलायस? काढ सगळ्यांना बाहेर!'

वीस मिनिटांनी छत बसलं. रिकाम्या बोगद्यावर.

सकाळी नोंदवहीत
पाळीप्रमुखांच्या प्रसंगावधानावर चार ओळी,
तिच्याच छान अक्षरात,
सांगणारा सांगत गेला, ती लिहीत गेली.
चौथी ओळ संपली. सांगणारा चहाला उठला.
यास्नानं पाचवी ओळ स्वतः घातली,
'रात्री २.४५ ला फोनवर सल्ला: य. किस्पे.'
पेन इतकं दाबून
की पुढची तीन पानं कोरीच राहिली
पण बोटानं वाचता येतात.

आता जागा चौथ्यांदा निघाली आहे.
स्वयंपाकघरात, भांडी तशीच ठेवून, ती अर्ज भरते.
शेवटचा रकाना: 'हे पद का हवे?'
मागच्या तीन वेळा तिथे तिनं
कंपनीची प्रगती लिहिली होती, सहकाऱ्यांचं हित,
सेवेची संधी,
तीन वेळा हात जोडलेली वाक्यं.
या वेळी लिहिलं,
'मला हवं आहे म्हणून.'

वाचून पाहिलं तर कान तापले.
किती उघडं दिसतं हे. अधाशी.
आई असती तर म्हणाली असती, बायकांनी असं ताटाकडे बघत बसू नये.
मुलगी, आयलिन, खांद्यावरून डोकावली,
'एवढंच?'
यास्नानं खोडायला पेन उचललं,
तसंच हवेत धरलं थोडा वेळ.

मग खाली तारीख घातली.
आणि कपाटातून हातमोजे काढून
त्यांची लांबलेली बोटं
कात्रीनं आपल्या मापाची कापायला बसली.