गारगोटी

तार्तूत फेब्रुवारीत पाचच्या आतच दिवे लागतात.
मायमू अंगातला कोट न काढता बसते,
कारण खोलीतली ऊब फक्त पेशींसाठी आहे:
काचेच्या डबीत सदतीस अंश,
छातीत असते तेवढीच.

पडद्यावर एक भक्षक पेशी.
काल तिला लॅटेक्सचे मणी दिले होते.
आधी ती नुसती चाचपडते,
अंधारात कडी शोधावी तशी,
मग तिचा काठ उचलला जातो,
मण्याभोवती त्याचे ओठ होतात
आणि मणी आत.
अकरा मिनिटं. वहीत नोंद.
सात मणी गिळून आठव्याकडे वळलेली ही पेशी
नको म्हणायला कधी शिकलीच नाही.

आज मणी नाहीत.
आज ती लहान बाटली,
जिच्यावर उर्वेच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय: गारगोटी, बारीक.
पेशीला काय त्याचं?
परकं ते परकं.
काठ, ओठ, घास.

मग बराच वेळ काही होत नाही.
मायमू थर्मासातला चहा ओतते.

आत, त्या घासाभोवतीच्या पिशवीत, आम्ल साचत असतं.
जंतू असता तर एव्हाना विरघळला असता.
गारगोटी कोपऱ्यांसकट तशीच.
दोन तास चाळीस मिनिटांनी पिशवी फाटते,
स्वतःचंच आम्ल स्वतःच्या अंगात,
पेशी फुगते, गोल होते, आणि नसते.
कण पुन्हा बाहेर.
धुतल्यासारखा.
शेजारची पेशी त्याला चाचपडू लागलेली.

वडील व्हरूला ग्रॅनाइटवर मेलेल्यांची नावं कोरायचे.
आई त्यांची टोपी दाराबाहेरच झटकायला लावायची.
"थोडी धूळ पचते गं माणसाला,"
ते म्हणायचे, आणि दोन शब्दांमध्ये
खोकल्यापुरती जागा सोडायचे,
दगडावर नाव आणि आडनाव यांच्यात सोडतात तेवढी.
त्यांचा स्वतःचा दगड दुसऱ्या कुणी कोरला.
अक्षरं जरा दाटीनं बसलीत.

उर्वे दारातून डोकावते: "झालं का?"
मायमू आवंढा गिळते.
"अजून दीड तास आहे."
"मी थांबू?"
"नको. जाताना दिवा घालव,
पडद्यावर उजेड येतोय."

वहीत, त्या दिवसाच्या पानावर, पेन्सिलीने:
कण तोच.
पेशी चौथी.