शिसं

उद्यमनगरात, लेथच्या मागच्या खोलीत
दस्तगीर मिस्त्री बंदुका करायचे.
सागवानी. नळीला पेन्सिलीची पूड,
मुठीला बुटाचं पॉलिश.
थेटरात आम्ही पडद्याकडं बघायचो,
ते बोटं मोजायचे:
"सहाचं चक्र केलंतं मी. ही एकोणिसावी."

एकदा सैनिक टाकळीचे सुभेदार इंगवले
बेअरिंग बदलायला आले,
फळीवरचं पिस्तूल सहज उचललं.
"हलकं हाय, मिस्त्री."
चहावर साय धरली, तरी पुढं बोलेनात.
मग म्हणाले,
"गोळी लागल्यावर माणूस मागं उडत न्हाई.
खाली बसतोय.
रानातनं दमून आल्यागत.
आन् आपल्या कानात नुसती शिट्टी.
त्यो काय म्हणाला शेवटी,
ऐकूच आलं न्हाई."

त्या रात्री मिस्त्रींनी मूठ पोखरली,
शिशाचा गोळा ओतून आत बसवला.

पन्हाळ्याच्या उतारावर, तिसऱ्या टेकला
हिरोचं मनगट भरून आलं.
"पिस्तूल दिलंय का वरवंटा?"
सगळं युनिट हसलं.
मिस्त्री करवंदीच्या जाळीआड बसले,
गोळा काढला,
मुठीत भुसा भरून दिला.

पिक्चर चालला.
चौदा जण उडाले, दोघं तर कौलांवरनं.
शिट्ट्या पडल्या.
मिस्त्रींनी त्या वेळी बोटं मोजली नाहीत.

गोळा अजून दुकानात आहे,
त्याच कंपनीच्या थकलेल्या बिलांवर.
पंखा पाचवर असतो.
कागदांच्या कडा फडफडतात नुसत्या.