उभा चौदा, अक्षरं दोन

खरसुंडीकर सिस्टर कोडं आखायच्या
तापाच्या तक्त्याच्या कोऱ्या पाठीवर,
इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्याची कड धरून.
मला कावीळ होती. भिंत पिवळी, चादर पिवळी,
खिडकीतली खाडीसुद्धा उसाच्या रसासारखी.
"पडून पडून डोकं गंजेल. हे घ्या.
पण अर्थाच्या मागे लागू नका.
सूचना म्हणजे लबाड पाहुणा,
दारात एक बोलतो, पानावर बसला की दुसरं.
तोडायचं कुठं, तेवढं बघा."

पहिलाच आडवा:
*मुद्रेसकट आलात, काना गमावलात; किती खारट! (३)*
दोन दिवस मी पासपोर्टवरचा शिक्का आठवत राहिलो,
विमानतळावरचं माझं तोंड,
दोनदा पुकारूनही ऐकू न आलेलं माझं नाव.
सलाईन बदलता बदलता त्यांनी उकलून दाखवलं:
सकट म्हणजे स. सकुटुंब, सहर्ष, तसला.
पुढं मुद्रा, तिचा काना काढा.
कान नव्हे हो, काना.
खिडकीबाहेर होताच तो सगळा वेळ.

शेजारच्या खाटेवर जुमा अल-मुखैनी,
लाकडी जहाजं बांधण्यात हयात गेलेली,
पायात सागाची कूस शिरून पिकलेली.
हिंदी त्यानं मुंबईच्या गोदीत उचललेलं,
तू आणि आप त्यात एकाच बाकावर.
"रोज काय शोधतोस?"
आता हे कसं समजवायचं?
म्हटलं, बघ, बगल आहे, ती विस्कटायची,
तळाला त ठोकायचा, की झालं गलबत.
त म्हणायच्या आत याचा ताकभात:
"जल्बूत!"
आणि माझाच उच्चार सुधारून दिला, दोनदा.

मग आडवा नऊ.
*वाद उजवीकडून वाचा, बरं वाटेल. (२)*
मी वादाचे प्रकार काढत बसलेलो,
बांधाचा, विहिरीच्या पाळीचा, सातबाऱ्यावरच्या नावाचा
(हा शेवटचा माझाच, गावी अजून चालू).
जुमाला दोन अक्षरं काढून दाखवली,
हा वा, हा द.
त्यानं सवयीनं बोट ठेवलं उजव्या टोकावर.
"द... वा."
आणि गोळ्यांच्या वाटीकडे पाहिलं.
म्हटलं, शब्द आमचा आहे.
"आमचा आहे," तो म्हणाला.
सिस्टर काही बोलल्या नाहीत.
चौकटीत शिसपेन्सिलीनं उत्तर भरलं,
समासात लिहिलं: *सुटलं, खाट सहा.*
माझी सात होती.

राहिला उभा चौदा.
*डोकं उडालं की कसूर उरत नाही; लागला तर जागा सोडवत नाही. (२)*
करार संपला, सिस्टर मिरजेला निघाल्या.
उत्तर विचारलं तर बॅगेची चेन ओढत म्हणाल्या,
"इथंच तर आहे."
मी तक्ता उलटसुलट करून पाहिला.
ताप, नाडी, लघवीचा रंग.

कावीळ उतरली. परत वायूच्या कारखान्यात, रात्रपाळी,
कोडं डब्याच्या झाकणात चौघडी करून.
नाद लागतो. छंद लागतो. डोळासुद्धा लागतो.
कसुरीतून यातलं एकही निघेना.
मग एका पहाटे कंपनीची बस वळणावर रेंगाळली,
पुढं उंटांचा कळप आडवा,
डोक्यावर ती निळी पाटी
जिच्याखालून मी आठ वर्षं गेलोय:
सूर, १२ किमी.
क गळाला.
मी मोठ्यानं हसलो असणार,
कारण मागची मल्याळी पोरं जागी झाली
आणि सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

जुमाला सांगितलं, त्याच्या खाडीकाठच्या छपरात.
तासणी थांबवून तो म्हणाला,
"हलक्या स चा सूर म्हणजे भिंत.
गावाचा स जड. तुमच्या कोड्यात कुठला?"
माझ्याकडे तेवढे स नव्हते.
त्यानं पुन्हा तासायला घेतलं.
ढलप्या माझ्या चपलेवर पडत राहिल्या.

सिस्टरना उत्तर कळवलं नाही.
तापाचा एक तक्ता मागून आणला,
पाठीवर एकच ओळ लिहून पाठवून दिली.
ही मी समजावणार नाही:

*मी आखडला, पुढं नुसती धूळ; सतार मात्र तिथलीच घ्यावी. (३)*