आरसा वर जातो तेव्हा

बाटुमीच्या धक्क्यासमोर, ओल्या टेबलावर
आम्ही आपापले कॅमेरे काढून ठेवले.
माझा ठेवला तशी बशी खणकली.
नुत्साचा ठेवला, तर कागदी रुमाल
उडायचा थांबला, एवढंच.

"काका, वजन करायचं का?"
आणि शेजारच्या मासळीवाल्या जेमालने
खरंच तराजू पुढे सरकवला.
माझा लेन्ससकट दोन किलो सातशे,
तिचा पाचशे ऐंशी.
जेमाल म्हणाला, एवढ्या हमसी मासळीत
माझं मांजरसुद्धा जेवत नाही.

माझा सोळा वर्षांचा.
मॅग्नेशियमचं अंग, कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून
आतला धातू राखाडी उघडा पडलेला.
पकडीचं रबर सुटलं तेव्हा
मोच्याकडच्या सोल्युशनने चिकटवलं.
कुताइसीला रग्बीच्या चिखलात पालथा पडला,
उचलला, पुसला,
पुढच्या स्क्रमला हा आपला पुन्हा हजर.
शटर चार लाख बारा हजार वेळा पडलंय.
कंपनीची हमी तीन लाखांची होती;
वरचं सगळं आम्ही दोघं
फुकटात जगतोय.

तिचा हप्त्यांवरचा. अजून सात बाकी.
प्लास्टिकचा, कार्डाला एकच खण.
चार थेंब पडले की ती त्याला
जॅकेटच्या आत घेते, वर चेन लावते.
बॅटरी जेवणाआधीच मान टाकते.
माझी शनिवारी भरली की
मंगळवारपर्यंत विचारपूस नको.

इथवर मी जिंकत होतो.

मग अंधारू लागलं. समोरच्या गॅलरीत
झुझुना आजी हेझलनट फोडत बसलेली,
अर्ध्या चेहऱ्यावर दिवा, अर्ध्यावर संध्याकाळ.
दोघांनी एकदमच काढला.
माझा खटॅक्!
कबुतरं उडाली, आजीने वर पाहिलं,
आणि तोंडातल्या तोंडात मला काहीतरी म्हणाली.
नुत्साचा? काढला की नाही
हे मला तिच्या हसण्यावरून कळलं.

तिच्या फोटोत सावलीतसुद्धा
शालीचा सुटलेला धागा दिसत होता.
माझ्या सावलीत नुसता गाळ,
आणि फोकस, लाज वाटते सांगायला,
कठड्यावर.
तिच्यात म्हणे एक हिरवी चौकट असते,
ती आपणहून डोळ्यावर जाऊन बसते,
हाकलली तरी न हलणाऱ्या माशीसारखी.
चाळीस वर्षं मी बोटांना जे शिकवतोय
ते त्या चौकटीला उपजत येतं.

मी तिच्या कॅमेऱ्याला डोळा लावला.
आत एक इवलासा टीव्ही.
चक्री फिरवली, समुद्र उजळला.
"जो फोटो येणार तोच आधी दिसतो," ती म्हणाली.
"मग काढायचा कशाला?"
हे मी चिडून बोललो. ती समजली असावी.

मग तिला सांगितलं, जे कुणालाच सांगितलं नव्हतं.
माझ्यात आरसा आहे. दगडावरून निघालेला उजेड
काचेतून, आरशावरून थेट माझ्या डोळ्यात येतो,
मध्ये कुणी दुभाष्या नाही.
पण बटण दाबलं की आरसा वर जातो,
आणि सगळं काळं.
सेकंदाचा दहावा हिस्सा, फार नाही.
पण फोटो नेमका तेवढ्यातच होतो, नुत्सा.
तुझ्या बापाने शेवटच्या मिनिटाला
रेषेपलीकडे चेंडू टेकवला,
गावाने तो पेपरात पाहिला,
तुझ्या आईने कापून फ्रेम केला.
मी तेव्हा अंधारात होतो.
असे चार लाख बारा हजार.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
"माझाही पडदा जरा उशिराच सांगतो,"
एवढंच म्हणाली, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून.
मग माझा कॅमेरा दोन्ही हातांनी उचलला,
मनगटं थरथरली,
दाबला.

"अरे! गेलं कुठे सगळं?"

येतं परत, मी म्हटलं.

फोटो हललेला आला.
त्यात मी, पाकीट शोधत,
एक हात खिशात कोपरापर्यंत,
आणि मागे जेमाल
रिकामा तराजू धुताना, अगदी स्पष्ट.